पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचे का?

प्रश्न : ताई, मी ३४ वर्षांची असून सातारा जिल्ह्यातील एका शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. बाविसाव्या वर्षापासून मला अपस्मार आहे आणि सकाळ-संध्याकाळ गोळ्या चालू आहेत. पतीला लग्नाआधीच सांगितले होते. गेली अडीच वर्षे एकही झटका आला नव्हता. दिनदर्शिकेवर मी रोज एक टिंब काढत असे आणि यंदा गोळ्या कमी होतील अशी आशा होती. गौरींच्या दिवसांत दोन रात्री जागरण झाले, गोळ्याही चुकल्या, आणि शाळा भरली त्याच दिवशी वर्गात फीट आली. कोणीतरी नाकाशी कांदा धरला. दुसऱ्या दिवशी एका मुलीने ‘‘बाई, आता बरं वाटतंय का?’’ असे विचारले, तेव्हा मला रडू आवरेना. नात्यातल्या एका बाईंनी तर ‘कायद्यानेही असे लग्न मोडता येते’ असे पतीला सुनावले. मी टिंबे काढणे सोडून दिले आहे. पुन्हा पहिल्यापासून मोजायचे बळ कुठून आणू?

उत्तर : आधी त्या टिंबांविषयी बोलू. अडीच वर्षे म्हणजे नऊशेहून अधिक दिवस, आणि दिवसाला दोन वेळा धरल्या तर अठराशेहून अधिक वेळा गोळी घेण्याची आठवण तुम्ही ठेवलीत. त्या दिवसांत तुम्ही वर्ग घेतले, संसार केला, सणवार केले. एका झटक्याने यातले काहीही पुसले जात नाही, त्यामुळे पहिल्या दिवसापासून मोजण्याचा प्रश्नच मला मान्य नाही.

दुसरे असे की, या झटक्याचे संभाव्य कारण तुमच्याच पत्रात आहे, पण तुम्ही ते एका वाक्यात उरकून पुढे गेला आहात. अपस्माराच्या औषधाचे रक्तातील प्रमाण टिकून राहावे लागते. गोळ्या चुकल्या की ते उतरते, आणि त्यात झोप मोडली तर झटका येण्याचा धोका आणखी वाढतो. औषध आता लागूच पडत नाही, असा अर्थ तुम्ही लावला असाल, तर डॉक्टरांशी बोलण्याआधी तो पक्का धरू नका. कारण सापडते तिथे उपायही करता येतो. हे वाचून स्वतःला दोष मात्र देऊ नका. घरात पानांवर पाने उठत असताना सुनेच्या गोळीची आठवण कोणालाच राहत नाही, तिची तिलाही नाही. म्हणून सणाच्या दिवसांत ती आठवण करण्याची जबाबदारी पतीने घ्यावी, आणि रात्री ठरावीक वेळेला तुम्ही झोपायला गेलात तर त्याबद्दल घरात कोणाला उत्तर द्यावे लागू नये. एखादी गोळी चुकलीच तर काय करायचे, हे डॉक्टरांना आधीच विचारून डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा. मनाने दुप्पट घेऊ नका, आणि निराश होऊन अचानक बंद तर मुळीच करू नका.

‘गोळ्या सुटतील तो दिवस’ हीच आशा, असे तुम्ही ठरवून टाकले आहे; तिथे माझे मत वेगळे आहे. दोन वर्षे झटके आले नाहीत तर काही रुग्णांच्या बाबतीत डॉक्टर औषध हळूहळू कमी करण्याचा विचार करतात, पण अनेकांना ते दीर्घकाळ घ्यावेच लागते. योग्य औषधोपचाराने दहापैकी सुमारे सात जणांचे झटके थांबू शकतात. अडीच वर्षे तुम्ही त्या सातांमध्ये होता आणि ते याच गोळ्यांच्या बळावर. ज्या डब्याकडे तुम्ही शिक्षा म्हणून पाहता, त्यानेच तुम्हाला खडू हातात घेऊन निर्धास्तपणे फळ्यापुढे उभे केले होते.

त्या नातेवाईक बाईंना पतीने शांतपणे एवढेच सांगावे की हिंदू विवाह कायद्यातील अपस्माराचा उल्लेख १९९९ साली दुरुस्ती करून काढून टाकण्यात आला आहे. याहून अधिक वेळ त्यांच्यावर खर्च करू नका.

तुम्हाला रडू आले त्या प्रसंगाकडे मात्र पुन्हा पाहा. त्या मुलीच्या प्रश्नात ना किळस होती, ना भीती. आपल्या बाई बऱ्या आहेत का, एवढेच तिला हवे होते. मग तिला आणि सगळ्या वर्गाला नीट सांगा. कांदा नको, चप्पल नको, तोंडात काहीही घालायचे नाही. बाईंना कुशीवर वळवायचे, डोक्याखाली मऊ काही ठेवायचे, मोठ्या माणसांना बोलवायचे आणि घड्याळ पाहायचे. पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ झाला तर मोठ्यांनी १०८ क्रमांकाला फोन करायचा. घड्याळ पाहण्याचे काम त्याच मुलीला द्या. तिला ते नक्की जमेल.

एक गोष्ट काळजीने विचारते : हे उदासपण दोन आठवड्यांहून जास्त टिकले आहे का? अपस्मारासोबत नैराश्य येण्याचे प्रमाण कमी नाही, आणि काही औषधांचा परिणाम मनावरही होतो, म्हणून डॉक्टरांना हे झटक्याइतक्याच स्पष्टपणे सांगा. रात्री-अपरात्री मन फार खचले, तर ‘टेली मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येते.

डॉक्टरांकडे जाताना ती दिनदर्शिका बरोबर न्या. फीट आली त्या दिवसाच्या चौकटीत किती वाजता आली, किती गोळ्या चुकल्या होत्या आणि किती जागरण झाले होते ते लिहा. मधले दिवस कोरे राहिले असतील, पण त्या दिवसांतही गोळ्या तुम्ही घेतल्याच असणार. ती टिंबे आज रात्री बसून भरून काढा.