डोळे अंधाराला सरावेपर्यंत

प्रिय मित्रा,

तुझा लांबलचक मेसेज रात्री अडीचला येऊन पडला होता. वेळ बघूनच निम्मा मजकूर कळला. तक्रारी दोन आहेत. आपल्या आकाशनिरीक्षणाच्या गटाचा तू अॅडमिन झालास तेव्हापासून नवे लोक येऊन तेच तेच प्रश्न विचारतात, ही एक. आणि "ताई, घरचे माझा छंद समजूनच घेत नाहीत", ही दुसरी. पहिलीचं उत्तर सोपं आहे, ते आधी उरकते.

"नवी दुर्बीण घेतली, २५ मिलिमीटरच्या आयपीसनं (डोळा लावायच्या भिंगानं) किती पट मोठं दिसेल?" हा प्रश्न या महिन्यात सात वेळा आला म्हणतोस. दुर्बिणीच्या फोकल लेंग्थला आयपीसच्या फोकल लेंग्थनं भागायचं. दुर्बिणीची १२०० मिलिमीटर असेल, तर १२०० भागिले २५, म्हणजे ४८ पट. हे लिहायला अर्धं मिनिट लागतं, आणि "आधी सर्च करायला शिका" हे लिहायलाही तेवढंच. प्रश्न तुझ्यासाठी सातवा असेल, विचारणाऱ्याची दुर्बीण पहिलीच असते. बरं, ही कुरकुर तुमच्या पिढीनं शोधलेली नाही. १९८० साली सुरू झालेल्या युझनेटवर, म्हणजे संगणकांवरच्या जुन्या चर्चागटांच्या जाळ्यावर, दर सप्टेंबरात विद्यापीठांतली नवी मुलं यायची, गोंधळ घालायची आणि महिन्याभरात रुळायची. १९९३ नंतर लोकांचा ओघ इतका वाढला की "तो सप्टेंबर संपलाच नाही" असं जुनी मंडळी म्हणू लागली. आणखी एक. वेबच्या वापराचा अभ्यास करणाऱ्या याकोब निल्सन यांनी २००६ मध्ये ढोबळ अंदाज मांडला होता, की शंभरातले नव्वद जण फक्त वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात आणि एकच जण सतत लिहीत असतो. तो एक म्हणजे सध्या तू. फटकारतोस एकाला, पण बिचकतात ते न बोलणारे नव्वद. झालं, एवढंच.

आता घरचं.

२०१९ च्या अखेरीस मृग नक्षत्रातली काक्षी फिकी पडायला लागली तेव्हा तू शाळेत असशील. काक्षी म्हणजे बेटलज्यूस, मृगाच्या चार पायांपैकी तो तांबूस तारा. एरवी त्याची दृश्यप्रत, म्हणजे दिसणाऱ्या तेजाचा आकडा, साधारण अर्ध्याच्या आसपास असते. फेब्रुवारी २०२० पर्यंत ती १.६ च्या घरात गेली (आकडा मोठा तितका तारा मंद, हे तुला सांगायला नको). आमच्या गटाचे ते सोन्याचे दिवस होते. रोज संध्याकाळी गच्चीवर जायचं, काक्षी रोहिणीपेक्षा उजळ आहे की मंद ते नुसत्या डोळ्यांनी ताडायचं, आकडा लिहायचा आणि इतरांच्या आकड्यांशी ताडून बघायचा. रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणाऱ्या, ताऱ्यांच्या हौशी निरीक्षकांची अमेरिकन संघटना १९११ पासून अशाच नोंदी गोळा करत आली आहे. महागडं काही लागत नाही. लागतात फक्त डोळे, वही आणि चिकाटी. ज्यांचे चेहरे मी आजवर पाहिलेले नाहीत, त्यांच्याकडून मी ते शिकले. म्हणून "गट सोडून दे" असं मी तुला कधीच म्हणणार नाही.

पण नोंदीचं काम दहा मिनिटांचं होतं. त्यानंतर मी दीड-दोन तास तिथेच खुर्चीत बसून असायचे. काक्षी फिकी पडतेय म्हणजे तिचा आता स्फोट होणार की नाही, यावर गटात घमासान चाललेलं असायचं आणि मी "होणार नाही"वाल्यांची पुढारी. (नाहीच झाला. ताऱ्यानं स्वतःच बाहेर फेकलेल्या वायूची धूळ बनून ती आडवी आली होती, असं पुढच्या वर्षी अभ्यासकांनी दाखवलं. पण तेव्हा आम्हाला कुणालाच काही ठाऊक नव्हतं आणि भांडायला त्याची गरजही नव्हती.)

अशाच एका रात्री माझा मुलगा पांघरूण लपेटून वर आला. नऊ वर्षांचा होता. "आई, फुटला का?" हा त्याचा रोजचा प्रश्न. मी मान वर न करता "एक मिनिट" म्हणाले. कुणीतरी "याच आठवड्यात फुटणार" असं ठासून लिहिलं होतं आणि मी त्याला मुद्देसूद झोडपत होते. पोरगं बिचारं शेजारी जमिनीवर आडवं झालं. बऱ्याच वेळानं त्याचा आवाज आला, "आई, तिथे पुसट डाग आहे. ढग आहे का तो? हलत नाहीये."

मी वर पाहिलं. तो बोट दाखवत होता ती जागा मला तोंडपाठ होती. देवयानी दीर्घिका. नुसत्या डोळ्यांना दिसू शकणारी, पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरची. लोकांना ती दाखवण्यात माझी वर्षं गेली आहेत, आणि त्या क्षणी मला तिथे काही म्हणजे काही दिसेना. नुसता काळोख आणि त्यात फोनच्या स्क्रीनचा तरंगणारा हिरवट चौकोन.

कारण तुला माहीत आहे. अंधुक उजेडात पाहणाऱ्या पेशींमधलं रोडोप्सिन हे रंगद्रव्य पुन्हा भरून यायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका लख्ख स्क्रीननं ते काही सेकंदांत उडतं. म्हणूनच आपण लाल दिवा वापरतो. त्याचे डोळे अंधाराला सरावले होते, माझे नव्हते. "दिसतंय ना?" त्यानं विचारलं. मी "हो" म्हणाले. खोटं बोलले. अजून त्याला सांगितलेलं नाही.

त्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की रोज जिना उतरून खाली गेल्यावरही माझं हेच होत होतं. घरातली माणसं समोर असायची, बोलायची, आणि मला ती दिसायला बराच वेळ लागायचा, कारण डोक्यात त्या "फुटणार"वाल्याला द्यायचं पुढचं उत्तर घोळत असायचं. नवरा एकदा म्हणाला, "तू गच्चीवर असतेस तेव्हा निदान कळतं तरी कुठे आहेस." मला राग आला होता. आता वाटतं, तक्रार छंदाबद्दल नव्हतीच.

तुझ्या घरच्यांचीही नसावी. तू लिहिलंस, एम-३३ ही अंधूक दीर्घिका दिसली तेव्हा गटात चाळीस जणांनी टाळ्या पाठवल्या आणि आई फक्त "बरं झालं, आता झोप" म्हणाली. अरे, त्या चाळीस जणांना एम-३३ दिसणं किती अवघड असतं ते माहीत आहे, ते वाजवणारच टाळ्या. आईनं वाजवाव्यात हा हट्ट कशाला? तू दोन दिवस खोकतोयस हे त्या चाळिसांपैकी किती जणांना माहीत आहे? घरच्यांना छंद शिकवायला जाऊ नकोस. तो अत्याचार मी माझ्या सासूबाईंवर केलेला आहे, तिन्ही ऋतूंत. त्याऐवजी साडेअकराला खाली येतो म्हणालास की साडेअकराला ये. तेवढ्यानंच सबंध घर निम्मं शांत होईल. रात्रीचा गट सांभाळायला दुसरा कुणीतरी नेम. आणि आकाशाखाली असताना चर्चा नको, फक्त वही. भांडणं दुपारी करावीत, दुपारी तारे नसतात.

बहीण "काय असतं एवढं वर?" असं कुत्सितपणे विचारते, हे तू तक्रार म्हणून लिहिलंस. मला तो प्रश्न वाटला. येत्या अमावास्येच्या आसपास तिला घेऊन ये. फोन जिन्याखालच्या टोपलीत ठेवायचे, हा आमचा एकमेव नियम. मुलगा आता माझ्यापेक्षा उंच झालाय. तो तिला देवयानी दाखवेल. ती अजूनही माझ्याआधी त्यालाच दिसते.

तुझी
ताई