सही करण्याआधी काय विचारायचं?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मानखुर्दच्या एका पुनर्वसन वसाहतीत बचत गट चालवते. कॉलेजची मुलं वरचेवर सर्वेक्षणाला येतात. आमच्या बायकांनी फॉर्म भरले, पोरांची वजनं करू दिली, बोट टोचून रक्तही दिलं. पुढे काय झालं ते सांगायला कोणी फिरकलं नाही. आता एक विद्यापीठ म्हणतंय, टीबीवर भागीदारीत काम करू, करारावर गटाची सही द्या. बायका म्हणतात, दारच उघडायचं नाही. काय करू?
– एक वाचक, मानखुर्द

उत्तर : बायकांचा राग रास्त आहे. जिचं रक्त घेतलं, तिला हिमोग्लोबिन किती निघालं ते कळलंच पाहिजे, आणि कमी असेल तर गोळ्या कुठे मिळतील तेही. तरीही दार लावून घेऊ नका. त्याचं कारण तुमच्या परिसरातच आहे.

लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या तीन वसाहतींचा अभ्यास ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही डॉक्टरांची सेवाभावी संस्था आणि आयआयटी मुंबईच्या लोकांनी मिळून केला होता. पहिल्या दोन वसाहतींत इमारती इतक्या खेटून, की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, वारा खेळत नाही. तिथे दहा घरांमागे जवळपास एका घरात टीबी निघाला. पीएमजीत इमारतींमध्ये मोकळी जागा आहे, तिथे शंभरात एखादं घर. पालिकेच्या हेल्थ पोस्टमध्ये मी नर्स होते तेव्हा आम्ही रोग्याला गोळ्या द्यायचो आणि तो पुन्हा त्याच कोंदट खोलीत झोपायला जायचा. खालच्या मजल्यांवर रोगी जास्त, हे आरोग्यसेविकांना जिने चढता-उतरता कळतं. पण इमारतींचे नियम ठरवणाऱ्यांपुढे नुसतं कळून भागत नाही. ऊन-वारा मोजून दाखवावा लागतो. ते मोजणारी माणसं विद्यापीठात आहेत.

म्हणून सही करा, पण अटी घालून. पहिली बैठक तुमच्या वसाहतीत घ्या, संध्याकाळी, बायका कामावरून आल्यावर. प्रश्नावली छापण्याआधी बायकांना काय विचारायचंय ते त्यात आलं पाहिजे. घरोघर फिरायला वसाहतीतल्याच मुली घ्या म्हणावं, रीतसर मानधन देऊन. संमतीपत्र मराठीत आणि हिंदीत हवं, त्याची प्रत घरी राहिली पाहिजे, त्यावर नीतिमत्ता समितीचा, म्हणजे संशोधनात लोकांचे हक्क जपले जातात का ते पाहणाऱ्या समितीचा, फोन नंबर हवा. यात मेहेरबानी काही नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०१७च्या मार्गदर्शक सूचनांतच समजेल अशा भाषेतली संमती आणि निष्कर्ष लोकांपर्यंत परत नेणं आलेलं आहे.

एका गोष्टीत मात्र फार जपा. आकडे परत मागाल तेव्हा कुठल्या मजल्यावर, कुठल्या घरात टीबी आहे हे उघड होता कामा नये. घरात टीबी आहे म्हटल्यावर मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडतं, घरकाम करणारीचं काम सुटतं. मग खोकला असूनही बाई तपासायला येत नाही, आणि घरातली पोरं आजारी पडतात. आकडे सगळ्या वसाहतीचे मिळून मांडा. रुग्णाचा निकाल फक्त रुग्णाच्या हातात. टीबी निघाला तर आधी उपचार सुरू, मग अभ्यास.

आपला एम पूर्व वॉर्ड, म्हणजे पालिकेचा मानखुर्द-गोवंडीचा विभाग, २००९च्या मुंबई मानव विकास अहवालात सगळ्यांत तळाला होता. टाटा सामाजिक विज्ञान संस्था याच वॉर्डात, देवनारला आहे. तिने २०११मध्ये अमृतमहोत्सवी वर्षात याच वॉर्डासाठी प्रकल्प हाती घेतला. शेजारच्या संस्थेचा हा फायदा असतो : अनुदान संपलं तरी ती इथेच असते, जाऊन विचारता येतं. तुमचं विद्यापीठ लांबचं असेल तर पैसे संपल्यावर जबाबदार कोण, त्याचं नाव आणि हुद्दा करारात लिहून घ्या.

कराराचा मसुदा बैठकीत मोठ्याने वाचून घ्या, आणि सही त्याच दिवशी करू नका. संध्याकाळच्या बैठकीला प्राध्यापकांना वेळ नाही असं उत्तर आलं, तर मात्र बायकांचं ऐका.