मादाम ब्रियों फक्त फ्रँकलिनची मैत्रीण होती का?

प्रश्न : ताई, मी पियानो शिकते. सरांनी मादाम ब्रियोंचा एक मार्च (लष्करी चालीची धून) वाजवायला दिलाय. नेटवर शोधलं तर जिथे तिथे "बेंजामिन फ्रँकलिनची मैत्रीण" एवढंच. ती खरंच कंपोजर होती, की श्रीमंत घरातली हौस म्हणून वाजवायची? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : अगं, मलाही ते "मैत्रीण" वाचून दरवेळी वाईट वाटतं. फ्रँकलिन इंग्लंडविरुद्ध लढणाऱ्या अमेरिकेचा दूत म्हणून पॅरिसला आला डिसेंबर 1776 मध्ये आणि हिचं नाव त्याच्या आधीच झालेलं होतं. ॲन-लुईझ ब्रियों द झुई, जन्म 1744. बोकेरीनी हा इटालियन कंपोजर पॅरिसमध्ये होता तेव्हा त्याने कीबोर्ड आणि व्हायोलिनसाठीचे सहा सोनाटे, म्हणजे वाद्यांसाठीच्या रचना, हिला अर्पण केले, ती तेव्हा जेमतेम पंचविशीची. 1770 मध्ये चार्ल्स बर्नी हा इंग्लिश संगीत-इतिहासकार तिच्या घरी गेला, तिने त्याला स्वतःच्या रचना हार्पसिकॉर्डवर (पियानोच्या आधीचं, तारा छेडणारं कीबोर्ड वाद्य) वाजवून दाखवल्या, पियानोवरही दाखवल्या, आणि युरोपातल्या उत्तम वादक बायकांमध्ये तो तिला धरतो. हे सगळं हौशी बाईच्या वाट्याला येत नाही.

मग जाहीर मैफली का नाहीत? नवरा मोठा सरकारी करअधिकारी, वयानेही बराच मोठा, आणि त्या वर्गातल्या बाईने पैसे घेऊन वाजवणं म्हणजे घराण्याला कमीपणा असं मानायचे. (आपल्याकडेही किती जणींचं गाणं माजघरातच राहिलं, ते काय वेगळं सांगू.) म्हणून तिचा सलोन, म्हणजे घरातली बैठक, हेच तिचं स्टेज. पॅरिसबाहेरच्या पासी गावात दर बुधवारी आणि शनिवारी फ्रँकलिन यायचा, चहा, बुद्धिबळ, तिच्या मुली गायच्या, ही वाजवायची. ती त्याला पत्रात "पपा" म्हणायची, तो सत्तरी ओलांडलेला आणि ही तेहतिशीची. त्याने आपल्या नातवासाठी तिच्या थोरल्या मुलीला मागणी घातली, ती मागणी या नवरा-बायकोने नाकारली, तरी मैत्री टिकली.

आता तुझा मार्च. ऑक्टोबर 1777 मध्ये अमेरिकेत साराटोगाला इंग्रज सेनापती बर्गॉइन बंडखोर अमेरिकनांना शरण आला, ती बातमी डिसेंबरात पॅरिसला पोचली आणि तिने त्या आनंदात "बंडखोरांचा मार्च" रचला. गंमत बघ, त्याच 1777 मध्ये आपल्या पुण्यात सँ ल्युबँ नावाचा फ्रेंच वकील, म्हणजे दूत, येऊन नाना फडणवीसांशी बोलणी करत होता आणि त्यानेच इंग्रज बिथरले होते, वडगावची लढाई त्यानंतर जेमतेम दीड-दोन वर्षांत. म्हणजे तू वाजवतेयस तो जमाना पुण्याला परका नाहीये. मला तर वाटतं वाजवताना हे डोक्यात असू दे, मार्च नुसता तालात नको, त्यात बातमी पोचल्याचा आनंद हवा.

ती 1824 मध्ये गेली. तिच्या बऱ्याच हस्तलिखित रचना आज फिलाडेल्फियाला अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीत आहेत, म्हणजे फ्रँकलिनने काढलेल्या संस्थेतच. त्यात एक त्रिकूट आहे, हार्पसिकॉर्ड, इंग्लिश पियानो आणि जर्मन पियानो अशा तीन वाद्यांसाठी, कारण तिच्या घरी ही वाद्यं होती आणि प्रत्येकाचा आवाज कसा वेगळा लागतो हे तिला ऐकायचं होतं! सरांना विचार, क्लासमधल्या तिघींनी बसवता येईल. हार्पसिकॉर्ड कुठून आणणार म्हणू नकोस, साध्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवरही तो टोन असतो.