बाग गेली त्याबद्दल

बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या द्राक्षबागेवर गारा पडल्याचं काल कळलं. माल उतरायला आठवडा उरला होता, व्यापाऱ्याने इसार दिला होता. तुझ्यावर काय गुजरली असेल ते बागाईतदाराला सांगावं लागत नाही. पण लिहायला बसलो तो वेगळ्याच कारणाने. तुझ्या लग्नाला अजून वर्ष झालं नाही, आणि गावात कुणीतरी सुनेचा पायगुण काढला असं कानावर आलं. हे बोलणं उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नकोस. घरातलं मोठं माणूस बोललं तरी तिथल्या तिथे समजावून सांग. तू गप्प बसलास तर त्या पोरीला वाटेल, यालाही तसंच वाटतं.

गार कशी पडते ते त्यांना सांग. उन्हाळ्याच्या तोंडाशी जमीन तापते, समुद्राकडून बाष्प येतं, वर मात्र हवा गार असते. मग ढग उंच चढतो, त्यातले थेंब वर ढकलले जाऊन गोठतात, त्यांच्यावर बर्फाचे थर चढतात आणि वजन पेलेनासं झालं की ते खाली येतात. असा ढग वाऱ्याबरोबर सरकत जातो, त्यामुळे गारांचा पट्टा अरुंद असतो. बांधाअलीकडची बाग झोडपली जाते, पलीकडची शाबूत राहते. 2014 साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा, सोलापूर, नाशिक असा सगळीकडे गारांचा मारा झाला. त्या वर्षी कुणाकुणाच्या सुनेचा पायगुण काढायचा?

आता एक तुझ्यासाठी. 26 नोव्हेंबर 2023 ला निफाडकडे गारपीट झाली तेव्हा तुझी बाग वाचली आणि माल चांगल्या भावात गेला. लोक म्हणाले, पोरगा हुशार निघाला. तू राबला होतास यात वादच नाही. पण ज्यांची बाग गेली त्यांनीही डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणं), घडांची विरळणी, केवडा रोगाच्या फवारण्या तुझ्याइतक्याच जीव ओतून केल्या होत्या. तेव्हा बाग वाचली ती नुसत्या हुशारीने नाही आणि आता गेली तीही तुझ्या नालायकीने नाही. प्लॅस्टिकचं आच्छादन टाकलं असतं तर, असं तू स्वतःला कोसत असशील. एकराला लाखांचा खर्च आहे तो. ऐपत नसणं हा काही गुन्हा नव्हे.

सगळं दैवावर टाकून बाजेवर पडून राहा, असं मात्र मी म्हणत नाही. फळपीक विम्यात गारपिटीचं जादा संरक्षण घेतलं असशील तर 72 तासांच्या आत कळवावं लागतं. अजून कळवलं नसेल तर हे वाचून होताच कळव. तलाठी आणि कृषी सहायक पंचनाम्याला येतील तेव्हा स्वतः बागेत हजर राहा, फोटो काढून ठेव. फुटलेले घड लवकर उतरव, नाहीतर कूज पसरेल. मग काड्यांकडे बघ. गार लागते तिथे साल फाटून पांढरी जखम दिसते, बोट फिरवलं की खडबडीत लागते. तिथून बुरशी आत शिरते, म्हणून बोर्डोची, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाची, फवारणी लांबवू नकोस. पानं फाटलीत, वेलीत अन्नसाठा कमी आहे. खरडछाटणीची, म्हणजे जुन्या काड्या काढून टाकायच्या उन्हाळी छाटणीची, घाई नको, वेलीला विश्रांती दे.

खरं सांगायचं तर या वर्षी गेलेले घड गेल्या उन्हाळ्यातच काडीत ठरले होते. पुढच्या वर्षीचे अजून ठरायचे आहेत. खरडछाटणीनंतर साधारण दोन महिन्यांत काडीवरच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, घड तयार होतो आणि त्याला ऊन लागतं. तिथेही हमी नाहीच: 2025 च्या मे महिन्यात पाऊस कोसळत राहिला आणि अनेकांना ऑक्टोबरच्या छाटणीनंतर काडीत घड कमी सापडले. तरी विरळ काड्या ठेवणं, फूट एकमेकींवर सावली धरणार नाही अशी बांधणं, सबकेन (काडीचा शेंडा खुडून बगलेतली फूट वाढवणं) वेळेवर करणं, एवढं आपल्या हातात आहे आणि ते थोडंथोडकं नाही.

खरडछाटणीआधी मी येतो. ओलांडे, म्हणजे वेलीचे तारेवरचे आडवे फाटे, दोघे मिळून बघू, कुठली वेल ठेवायची आणि कुठली नव्याने वाढवायची ते ठरवू. सोसायटीच्या कर्जाचे कागद काढून ठेव, पुनर्गठनाचा, म्हणजे हप्ते नव्याने बांधून घ्यायचा, अर्ज तेव्हाच लिहून टाकू.

तुझा
काका