फाटे फुटलेल्या शिंगांवरून सांबराचं कातडं कसं उतरवतात?

ठाण्यात नात्यातल्या कुणाच्या जुन्या घरात सांबराचं मुंडकं भिंतीवर आहे, एवढी पसरलेली शिंगं असताना कातडं न फाडता कसं काढलं, टाके का दिसत नाहीत आणि हे काम आपल्याकडे शिकता येईल का, असं तुम्ही विचारलंय. मी कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात नमुने तयार करायचो, राहायला कळव्यात. जेवढं हाताने केलंय त्यावरून सांगतो.

कातडं शिंगांवरून ओढून काढतच नाहीत, मागून उघडतात. मानेच्या वरच्या कण्यावरून एक सरळ चीर डोक्यामागपर्यंत आणायची आणि तिथे तिचे दोन फाटे करायचे, एकेक फाटा एकेका शिंगाच्या बुडापर्यंत. मग बुडाभोवती गोल कापलं की शिंगं मोकळी. फक्त त्या कड्यापाशी कातडी हाडाला अशी घट्ट बसलेली असते की सुरीने नीट सुटत नाही; बोथट स्क्रू ड्रायव्हर खाली सारून ती थोडी थोडी उचकटावी लागते. टाके सगळे मानेमागे, भिंतीच्या बाजूला पडतात. त्यात सांबर नराच्या मानेला दाट राठ केस, म्हणजे झाकायचं काम निम्मं त्यानेच केलेलं. गळ्याला मात्र सुरी अजिबात लावायची नाही. भिंतीवरचं मुंडकं माणूस खालून, समोरून बघतो, तिथला टाका लपत नाही. आणि कातडं खांद्याच्या बरंच मागून कापायचं. जास्तीचं नंतर छाटता येतं, कमी पडलेलं कुठून आणणार?

धड सोलणं कुठल्याही खाटकाला जमेल. खरी परीक्षा चेहऱ्यावर. कान मुळाशी कवटीलगत कापायचा आणि आतली कूर्चा मागच्या कातडीपासून सोडवत सोडवत पार टोकापर्यंत उलटा करायचा, मोज्यासारखा. हे टाळलं तर आत मीठ पोचत नाही आणि कानाचे केस झडतात. डोळ्याशी एक बोट बाहेरून पापणीत घालून कातडं ताणून धरायचं आणि सुरी हाडाला घासत फिरवायची, म्हणजे पापणी शाबूत राहते. सांबराच्या बाबतीत आणखी एक भानगड: डोळ्यापुढे गंधग्रंथीची खोल खाच असते आणि कातडं त्या खाचेच्या तळापर्यंत गेलेलं असतं. घाईत ओढलं की नेमकं तिथेच भोक पडतं. ओठ हिरडीलगत कापायचे, आतला ओलसर भाग कातड्याबरोबर ठेवायचा आणि तो आतून चिरून उघडायचा, कारण खऱ्या डोक्याऐवजी वापरायच्या साच्यावर कातडं बसवताना हीच पट्टी आत दुमडून तोंड मिटवतात.

सोलण्याआधी मापं घ्यायला विसरू नका. डोळ्याच्या कोपऱ्यापासून नाकाच्या टोकापर्यंतचं अंतर आणि मानेचा घेर. उतरलेलं कातडं हवं तेवढं ताणलं जातं, त्यावरून काही कळत नाही. आत खरं डोकं नसतंच. शिंगांसकट कवटीचा वरचा तुकडा करवतीने कापून फोमच्या साच्यावर स्क्रूने बसवतात, डोळे काचेचे.

आता मीठ. थंड देशात शिकाऱ्याला थोडी सवड मिळते, आपल्याकडच्या दमट उकाड्यात अजिबात नाही. जिवाणू केसांच्या मुळाशी लागले की केस पुंजक्याने हातात येतात आणि त्यावर इलाज नाही. मांस, चरबी खरवडून लगेच बारीक, आयोडीन नसलेलं मीठ सढळ हाताने चोळायचं. साधारण कातड्याच्या वजनाइतकं लागतंच. आगरातलं खडे मीठ आणलंत तर दळून घ्या, खडा कानाच्या टोकात शिरत नाही. पाणी निथळायला फळी तिरकी ठेवायची, ओलं मीठ झटकून दुसऱ्या दिवशी पुन्हा नवं. उन्हात वाळवायचं नाही.

शिकायला बोकडाचं मुंडकं उत्तम. खाटकाला आधीच बजावून ठेवा की भाजायचं नाही, सोलायचं नाही, नाहीतर तो सवयीने मुंडी भाजून हातात देईल. गळ्याशीच कापलेलं असल्याने खांद्यापर्यंतचा नमुना त्यातून होत नाही, पण कान, ओठ, डोळे यांवर हात बसायला तेवढं पुरे. बोकडाची शिंगं गळून पडत नाहीत, सांबराची दरवर्षी पडतात. बुडाची चीर मात्र तशीच.

सांबर, चितळाचं नाव मात्र काढू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात सुरुवातीला परवान्यावर शिकार होत असे, १९९१ च्या दुरुस्तीने तीही संपली. येऊरच्या जंगलात पडलेलं शिंग सापडलं तरी ते सरकारचं, घरी आणायचं नाही. वन्य प्राण्यांचं काम बघायचं असेल तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००९ मध्ये टॅक्सिडर्मी (मेलेल्या प्राण्यांचे असे नमुने बनवण्याचं) केंद्र सुरू झालं, मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉ. संतोष गायकवाड यांनी तिथे मेलेल्या वाघ-बिबट्यांचे नमुने केले आहेत.

तुमच्या नातेवाइकांना एवढं विचारा की मालकीचं प्रमाणपत्र आहे का. ते मुंडकं विकता येत नाही, आणि वारशाने दुसऱ्याकडे गेलं तर ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे कळवावं लागतं. पुसायला घेणार असाल तर हातमोजे आणि मास्क घाला. जुन्या काळी कीड लागू नये म्हणून कातड्याला आतून सोमलाचा, म्हणजे आर्सेनिक या विषाचा, साबण फासायचे, आणि तो सोमल अजून तिथेच असतो.