वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन चर्चा भांडणावर का जाते?

प्रश्न : आमच्या संस्थेचे २०० सभासद आहेत. वर्गणी वाढवावी का, यावर ऑनलाइन चर्चा ठेवली. सात-आठ जणच बोलत राहिले, त्यांचीच जुंपली, बाकीचे गप्प. पुढच्या वेळी काय बदलावं?

सभासदांना बोल लावण्याआधी चर्चेची मांडणी बघा. मत आलं की त्याखाली लगेच उत्तर देता येत असेल, तर मुद्दा बाजूला पडतो आणि माणसालाच उत्तरं सुरू होतात. ज्याच्याकडे वेळ जास्त, त्याचाच आवाज मोठा. तैवानमध्ये २०१५ साली उबरबद्दल लोकांची मतं घेताना 'पोल.इस' ही प्रणाली वापरली गेली. तिच्यात उत्तर द्यायची सोयच नाही. छोटं विधान लिहायचं. दुसऱ्यांच्या विधानांवर फक्त सहमत, असहमत किंवा 'सोडून द्या' एवढंच नोंदवायचं. सुरुवातीला तट पडले, पण प्रवाशांची सुरक्षितता आणि विमा यांवर दोन्हीकडच्यांचं जुळलं.

तुमच्याकडे साधा फॉर्मही चालेल. सर्व बाजूंची १० ते १५ विधानं आधी तुम्हीच लिहा, कारण कोऱ्या पानावर लिहायला कोणी पुढे येत नाही. आणि एका विधानात एकच गोष्ट हवी. हे फार महत्त्वाचं आहे, इथेच बहुतेकांची गफलत होते. 'वर्गणी वाढवावी आणि ती दोन हप्त्यांत घ्यावी' या विधानावर वाढ नको पण हप्ते हवेत असं वाटणाऱ्याने काय नोंदवायचं? तो असहमत म्हणतो आणि हप्त्यांना असलेला त्याचा पाठिंबा हिशेबातून जातो. अशा वाक्याची दोन विधानं करा. एखाद्या विधानाला 'सोडून द्या' फार आले, तर वाक्य संदिग्ध आहे का ते आधी तपासा.

मुदत दोन आठवडे ठेवा, पण नवी विधानं दहाव्या दिवशी बंद करा. उशिरा आलेल्या विधानांना मतंच मिळत नाहीत. काय काढलं जाईल (शिवीगाळ, तेच ते विधान) ते पहिल्या दिवशीच जाहीर करा. शेवटी नुसती बेरीज मांडू नका. वाढीच्या बाजूचे आणि विरोधातले, दोघंही ज्यांवर सहमत आहेत ती विधानं वेगळी काढा आणि बैठक तिथून सुरू करा.

प्रश्न : सर्वाधिक पसंतीचं मत सर्वांत वर दाखवावं का?

नाही. २०१३ साली 'सायन्स' या विज्ञानविषयक नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात काही प्रतिक्रियांना सुरुवातीलाच मुद्दाम एक पसंती दिली होती. त्यांचे अंतिम गुण सरासरी २५ टक्क्यांनी वाढले. पहिल्या तासात आलेल्यांचा कल पुढच्यांवर असा लादला जातो. वाचकाने स्वतःचं मत देईपर्यंत आकडे झाकून ठेवा आणि प्रत्येकाला विधानं वेगळ्या क्रमाने दाखवा.

प्रश्न : खरं नाव सक्तीचं केलं तर लोक सभ्यपणे बोलतील ना?

त्यावर विसंबू नका. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर ओळख पडताळणी सक्तीची केली. २०१२ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ती रद्द केली. बेकायदा मजकूर त्यामुळे ठळकपणे घटल्याचं दिसलं नव्हतं. टोपणनाव चालेल, मात्र ते कायम एकच हवं. जुनं बोलणं त्याच नावावर राहतं आणि माणूस जपून लिहितो. तुमच्यासारख्या संस्थेत सभासदत्वाची खातरजमा एकाच व्यक्तीकडे ठेवा. बाकीच्यांना टोपणनावच दिसू द्या. वर्गणी परवडत नाही, हे खऱ्या नावाने लिहायला फार थोडे धजावतात.