नवी बॅटरी टाकूनही बाईकचा सेल्फ लागत नाही, काय करावं?

तुमची गाडी १५० सीसीची, सहा वर्षं जुनी. बॅटरी दोन महिन्यांपूर्वीच टाकली, तरी सकाळी सेल्फ मारला की नुसतं टकटक होतं. आणि मेकॅनिक म्हणतो, ही बॅटरी खराब निघाली, दुसरी घ्या. कृपा करून लगेच घेऊ नका. मी याच पायी दोन बॅटऱ्यांचे पैसे घालवले आहेत.

मी नागपुरात मनीष नगरला राहतो, कामाला बुटीबोरीला जातो. रोज वर्धा रोडवर गाडी चांगली पळते, तरी बॅटरी उतरायची. इतकी पळूनही बॅटरी भरत नाही, म्हणजे तिच्यापर्यंत करंटच पोचत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. शेवटी तीन-चारशे रुपयांचा साधा मल्टीमीटर आणला आणि अर्ध्या तासात दोष सापडला.

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी १२.६ च्या आसपास दिसायला हवं. १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. मग गाडी चालू करून (सेल्फ लागत नसेल तर किक मारा, किंवा आधी बॅटरी बाहेरून स्लो चार्ज करून घ्या) रेस थोडी वाढवा, साधारण ४००० आरपीएमपर्यंत. आकडा १३.५ ते १४.५ मध्ये आला तर चार्जिंग ठीक आहे. रेस वाढवूनही १२ च्या घरातच अडकला तर चार्जिंग होत नाहीये. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर, म्हणजे चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा भाग, आपले मेकॅनिक ज्याला आरआर युनिट म्हणतात तो, गेलाय. तो बॅटरी अक्षरशः उकळवतो.

माझा आकडा १२.३ वर होता आणि रेस वाढवली तरी हलत नव्हता. साइड पॅनल काढून मॅग्नेट कॉइलकडून (इंजिनवर चार्जिंगची वीज तयार करणारी कॉइल) येणाऱ्या तीन पिवळ्या वायरींचा कपलर शोधला. ओढला तर निघेना. एका पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलं होतं, पिन आत चिकटली होती. पिन सैल झाली की तिथे गरम होते, गरम झाली की आणखी सैल होते. नवा कपलर बसवला, आकडा १४.१ वर गेला. बॅटरी आजही तीच आहे.

कपलर स्वच्छ असेल तर तो काढून, गाडी चालू ठेवून, मीटर एसीवर घ्या आणि कॉइलकडच्या तीन वायरींमध्ये दोन-दोन करून मोजा. इथे बराच व्होल्टेज असतो, उघड्या पिनेला हात लावू नका. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत आणि रेसबरोबर वाढायला हवेत. एक जोडी मागे पडली तर कॉइल जळालीय. तिन्ही सारखे असतील तर संशय रेग्युलेटरवर, पण त्याआधी त्याची अर्थिंग घासून बघा.

आणि चार्जिंग १४ दाखवत असेल, तरी सकाळी बॅटरी मेलेली? मग चावी बंद असताना काहीतरी करंट खातंय. बाहेरून बसवलेला अलार्म, जीपीएस, मोबाईल चार्जर एक-एक करून काढून बघा. फिरणं फक्त घर ते सीताबर्डी एवढंच असेल तर तेही कारण असू शकतं. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट बंदच होत नाही आणि सिग्नलवर कमी आरपीएमला चार्जिंग थोडंच होतं.

एक गोष्ट मात्र कोणालाही करू देऊ नका: चालू गाडीत बॅटरीचा टर्मिनल काढून ‘चार्जिंग तपासणं’. व्होल्टेज एकदम उसळतो आणि तुमच्या गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, त्यात जाऊ शकतो, तो बॅटरीच्या कितीतरी पट महाग.

बॅटरी पाण्याची असेल तर आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा ४५ ला टेकतो तेव्हा, पंधरा दिवसांनी पातळी बघा आणि डिस्टिल्ड वॉटरच टाका. दोन्ही आकडे इथे कळवा, चालू आणि बंद गाडीचे, मग पुढचं सांगतो.